दात घासायचे की झाडायचे?

गेल्या महिन्यात आईला घेऊन इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, गेले होते. रात्रीचे साडेअकरा, नेहमीची रेटारेटी. भुट्ट्याचा कीस झाला, जलेबा झाला, आणि कुल्फीचा पहिला चमचा तोंडात जाताच आई गाल धरून शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली. दाढ किडली असणार, असं आम्ही दोघींनी तिथेच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आरसा धरून दाखवलं ते भलतंच होतं. कीड नव्हती. डावीकडच्या वरच्या सुळ्याला, हिरडीला अगदी लागून, आडवी खाच पडली होती. लाकडावर कोयत्याचा तिरका घाव बसावा तशी. शेजारच्या दोन दातांनाही तशाच खाचा, जरा उथळ.

“काकू, ब्रश कोणता वापरता?”

“कडक. त्याशिवाय घासल्यासारखं वाटतच नाही.”

“आणि उजव्या हाताने, आडवा, जोरात.”

“मग काय डाव्या हाताने घासू?”

डॉक्टर हसले. उजव्या हाताने ब्रश करणाऱ्याचा जोर बहुधा तोंडाच्या डाव्या बाजूला जास्त पडतो, म्हणून खाचा डावीकडे खोल. “काकू, दात म्हणजे पितळेचा तांब्या नव्हे,” एवढं बोलून त्यांनी त्या खाचा भरायला घेतल्या.

येताना औषधाच्या दुकानात नवा ब्रश घ्यायला थांबलो. भिंतीवर पंचवीस-तीस ब्रश टांगलेले. कोळशाचा काळा, नागमोडी केसांचा, ‘सेन्सिटिव्ह’, ‘डीप क्लीन’, बांबूचा, बॅटरीचा. दुकानदाराने विचारलं, “कड़क दूँ, मीडियम के सॉफ्ट?” आणि आम्ही उत्तर द्यायच्या आत स्वतःच सांगून टाकलं, “मीडियम ले जाओ, सबका वही चलता है।”

मला वाटतं गोंधळ शब्दातच आहे. मराठीत आपण भांडी घासतो, फरशी घासतो आणि दातही घासतो. क्रियापद एकच, त्यामुळे हातही तसाच चालतो. ब्रश ज्या कामासाठी केलेला आहे ते काम खरं तर झाडण्याचं आहे. हे एकदा पटलं की कोणता घ्यावा, कसा ठेवावा आणि कधी टाकावा, यातलं बहुतेक आपोआप उलगडतं.

ब्रश काढतो तरी काय?

आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्यामुळे भरून ठेवलेली बादली घरोघरी असते. ती चार दिवस तशीच राहिली तर आतून बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागतं. पाणी कितीही हिंदकळवलं तरी ती बुळबुळ जात नाही, पण नुसता हात फिरवला की निघते.

दातांवर रोज हेच घडतं. तोंडातले जीवाणू दाताला चिकटून स्वतःभोवती एक चिकट थर उभा करतात. डॉक्टर त्याला प्लाक म्हणतात. त्यातले जीवाणू आपण खाल्लेल्या साखर-पिठावर जगतात आणि आम्ल सोडतात. त्या आम्लाने दातातली खनिजं विरघळत गेली की कीड. हाच थर हिरडीच्या काठाशी बसून राहिला की हिरडी सुजते आणि ब्रश लागताच रक्त दिसतं.

चूळ भरून हा थर जात नाही, पण मऊ केस हळू फिरवला तरी निघतो. आणि तो तसाच राहू दिला, तर लाळेतलं कॅल्शियम त्यात बसत जाऊन काही दिवसांत त्याचा दगड व्हायला लागतो. हे किटण किंवा टार्टर. गीझरच्या कॉइलवर क्षार धरतात ना, तसं. ते एकदा जमलं की कोणताही ब्रश ते काढू शकत नाही, कितीही कडक असला तरी. त्याला डॉक्टरांचं अवजारच लागतं.

म्हणजे पाहा, ओला थर निघायला कडकपणा लागत नाही, आणि दगड झालेला थर कडकपणाने निघत नाही. मग कडक ब्रशाला तोंडात काम उरतं कुठे?

केरसुणी आणि खराटा

आजीच्या घरी दोन झाडण्या असत. घरात केरसुणी, अंगणात खराटा. शेणाने सारवलेल्या जमिनीवर कोणी खराटा फिरवला असता तर आजीने त्याच खराट्याने त्याची पूजा केली असती. केर निघाला असता, पण सारवणही निघालं असतं.

ब्रशाचा केस नायलॉनचा असतो. १९३८ साली अमेरिकेत पहिला नायलॉन केसांचा ब्रश बाजारात आला. त्याआधीच्या विलायती ब्रशांना डुकराचे केस असायचे, तेव्हा सोवळ्यातल्या घरांनी राखुंडी आणि दातवणालाच जवळ केलं यात नवल नाही. नायलॉनची सोय अशी की केस हवा तेवढा बारीक ओढता येतो. मऊ ब्रशाचा केस साधारण ०.२ मिलिमीटर किंवा त्याहून बारीक, आणि कडक ब्रशाचा ०.३ च्या पुढे. फरक डोळ्यांना दिसतही नाही. पण गोल काडीचा ताठपणा तिच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. जाडी दीडपट झाली तर ताठपणा पाचपट. ०.२ आणि ०.३ मध्ये केरसुणी-खराट्याएवढं अंतर पडतं ते यामुळे.

मऊ केस वाकतो आणि वाकून हिरडीच्या काठाखाली, दातांच्या खळग्यात शिरतो. कडक केस उंचवट्यावरच अडतो आणि तिथेच घासत बसतो.

पण एनॅमल तर शरीरातली सगळ्यात कठीण वस्तू ना?

बरोबर. दातावरचं पांढरं कवच म्हणजे एनॅमल, त्यात ९६ टक्के खनिज असतं आणि हाडापेक्षाही ते कठीण असतं. पण ते दाताच्या डोक्यावर असतं, मुळावर नाही. हिरडीपाशी ते पातळ होत जातं आणि संपतं. जोराच्या घासण्याने हिरडी मागे सरकली की उघडं पडतं ते मूळ, आणि त्याचं अंग एनॅमलहून कितीतरी मऊ असतं. त्यात पेस्टमध्ये बारीक खरखरीत पूड असतेच. कडक ब्रश, पूड आणि आडवा हात हे तिन्ही वर्षानुवर्षं रोज दोनदा एकत्र आले की आईच्या सुळ्यासारखी खाच पडते. त्या खाचेतून थंड-गरम आत नसेपर्यंत पोचतं. ती कुल्फी नेमकी तिथे लागली होती.

दुसरी गोष्ट, एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात. चामडी खरचटली तर भरून येते. एनॅमल झिजून गेलं की गेलं. ते पुन्हा उगवत नाही.

दुकानात काय बघायचं

फार काही नाही. ‘सॉफ्ट’ किंवा ‘एक्स्ट्रा सॉफ्ट’ लिहिलेलं असावं. डोकं लहान असावं, म्हणजे शेवटच्या दाढेच्या मागे वळतं. मोठ्या माणसालाही लहान डोक्याचाच ब्रश सोयीचा, हे आमच्या घरी कोणाला पटत नव्हतं. अक्कलदाढेपर्यंत पोचून दाखवल्यावर पटलं.

केसांची टोकं गोल केलेली आहेत का, हे खरं महत्त्वाचं. कापलेला नायलॉन टोकाला धारदार राहतो, म्हणून चांगल्या ब्रशात प्रत्येक टोक घासून गोल करतात. हे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण पाकिटावर ‘राउंडेड’ किंवा ‘एंड-राउंडेड’ असा शब्द शोधता येतो. हातगाडीवर दहा रुपयांना तीन मिळणाऱ्या ब्रशांबद्दल माझा आक्षेप एवढाच आहे. स्वस्ताईला माझी हरकत नाही, त्या टोकांची खात्री कोणी देत नाही म्हणून म्हणते.

बाकी नागमोडी केस, रंगीबेरंगी रबर, कोळसा, हे आवडत असेल तर घ्या. केस काळा आहे म्हणून दात पांढरे होत नाहीत.

बॅटरीच्या ब्रशाची गोष्ट जरा निराळी. वैद्यकीय संशोधनं एकत्र पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये हाताच्या आणि विजेच्या ब्रशांची तुलना मांडली. तीन महिन्यांहून जास्त वापरात विजेच्या ब्रशाने प्लाक २१ टक्के आणि हिरडीची सूज ११ टक्के जास्त कमी झाली. फायदा खरा आहे. संधिवाताने बोटं आखडलेल्यांना, हात थरथरणाऱ्यांना आणि ज्यांचा जोर काही केल्या कमी होत नाही अशांना तो घेऊन द्यावा. चांगल्या ब्रशात दाब वाढला की तो दिवा लावून सांगतो. ज्याचा हात नीट चालतो त्याने साध्या ब्रशावर समाधान मानलं तर काही बिघडत नाही.

आणि दातवण?

हा प्रश्न काका हमखास विचारतात. “आमचे आजोबा ऐंशीव्या वर्षी ऊस खात, निंबाच्या काडीवर.” खात असतील. काडी नीट चावून तिचा कुंचला केला आणि हळू फिरवली तर तीही प्लाक काढते. पण तिला दाताच्या आतल्या बाजूला वळता येत नाही, आणि घाईत ती हिरडी सोलते. शिवाय आजोबांच्या ताटात दिवसातून किती वेळा बिस्किटं येत होती, तेही बघायला हवं. राखुंडीत मात्र सरळसरळ भरड राख असते, म्हणजे दातांना पॉलिश पेपर. आणि मशेरी म्हणजे तंबाखू. तिचा दातांच्या निगेशी काही संबंध नाही.

हात कसा चालवायचा

ब्रशाचे केस अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीवर येतील असे तिरके टेकवा, साधारण ४५ अंशांत. जागच्या जागी अगदी लहान हेलकावे द्या, मग हिरडीकडून दाताच्या टोकाकडे झाडून घ्या. वरच्या दातांना वरून खाली, खालच्यांना खालून वर. दोन-तीन दात झाले की पुढे सरका. आतली बाजू विसरू नका. खालच्या पुढच्या दातांच्या पाठीमागे किटण सगळ्यात आधी धरतं, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच उघडतात. सगळं मिळून दोन मिनिटं. घड्याळ लावून पाहा, आपण एरवी केवढ्यावर आटोपतो ते कळेल.

जोर किती? घरात पीठ मोजायचा काटा असेल तर त्यावर ब्रश नेहमीच्या जोराने दाबून पाहा. दीडशे ग्रॅमच्या आसपास पुष्कळ झाले. आईने दाबला तेव्हा काटा चारशेच्या पुढे गेला, आणि ती म्हणे, “हे तर मी हळूच दाबलं.” तेव्हापासून ती ब्रश मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरते. तेवढ्यानेच जोर निम्मा झाला.

दोन दातांच्या मधल्या फटीत मात्र ब्रशाचा केस पोचत नाही. तिथे फ्लॉसचा दोरा किंवा फटीत घालायचा बारीक ब्रश लागतो. टाचणी, सेफ्टी पिन नको. आमच्या घरातल्या पुरुष मंडळींना हे दर रविवारी सांगावं लागतं.

रक्त येतं, मग तिथे ब्रश लावू नये ना?

बहुतेक जण हेच करतात आणि नेमकं उलट होतं. हिरडीतून रक्त येतं ते बहुधा तिथे प्लाक साठल्यामुळे. तो भाग टाळला की थर वाढतो, सूज वाढते. मऊ ब्रशाने तिथे रोज हळू झाडत राहिलं तर साधी सूज आठवडा-दोन आठवड्यांत उतरते. नाही उतरली तर डॉक्टर गाठावा.

पोह्यांच्या आधी की नंतर?

इंदूरकराच्या सकाळचा हा जीवनमरणाचा प्रश्न. पोह्यांवर लिंबू पिळलेलं, सोबत जलेबी, वर चहा. आंबट खाल्ल्यावर दाताचा वरचा थर काही वेळ हलका मऊ झालेला असतो. लाळ त्याला हळूहळू पूर्ववत करते. तेवढ्यात ब्रश फिरवला तर मऊ झालेलंच घासलं जातं. म्हणून सकाळी पोह्यांच्या आधी ब्रश करा. नंतर करायचाच असेल तर अर्धा-एक तास थांबा, तोवर साध्या पाण्याने चूळ भरा.

रात्रीचा ब्रश मात्र चुकवू नये असा. झोपेत लाळ फार कमी सुटते, आणि लाळ हेच तोंडाचं संरक्षण. सराफ्यातून बारा वाजता रबडी खाऊन येऊन तसंच झोपणं म्हणजे रात्रभर जीवाणूंना पंगत वाढून ठेवणं. ब्रश झाल्यावर पेस्ट थुंकून टाका, पण लगेच खळखळून चुळा भरू नका. पेस्टमधलं फ्लोराइड थोडं दातांवर राहिलेलं चांगलं. सहा वर्षांच्या आतल्या मुलांना मात्र वाटाण्याएवढीच पेस्ट द्या आणि गिळत नाहीत ना, ते बघा. तीन वर्षांच्या आत तर तांदळाच्या दाण्याएवढी. जाहिरातीतली नागमोडी लांब पट्टी पेस्ट लवकर संपावी म्हणून असते, असं माझं मत आहे.

ठेवायचा कुठे?

वापरून झाला की नळाखाली धरा, अंगठ्याने केस मोकळे करा, झटका आणि डोकं वर करून उभा ठेवा. मोकळ्या हवेत. ब्रशाला लागतं ते फक्त कोरडं होणं.

प्लास्टिकची टोपी स्वच्छतेसाठी घालतात, पण ओल्या ब्रशावर ती घातली की आत दमट कोठडी तयार होते. प्रवासापुरती ठीक, घरी नको. घरातल्या पाच जणांचे ब्रश एकाच पेल्यात डोक्याला डोकं लावून उभे असतात, तेही टाळा. एकाचे जीवाणू दुसऱ्याकडे जायला तेवढा स्पर्श पुरतो. आणि नवरा-बायको असले तरी ब्रश एक नको.

फ्लश केल्यावर बारीक तुषार उडतात हे खरं आहे. संडास-बाथरूम एकत्र असेल तर झाकण पाडून फ्लश करा, ब्रश लांब ठेवा. पण घाबरायचं कारण नाही. ब्रशावर जीवाणू सापडतात, तरी त्यामुळे निरोगी माणूस आजारी पडतो असं दिसून आलेलं नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती आजारामुळे किंवा औषधांमुळे खालावली आहे त्यांनी मात्र काळजी घ्यावी आणि ब्रश लवकर बदलावा.

“मग उकळून घ्यावा का?” शेजारच्या वहिनींनी एकदा दुधाच्या बाटल्यांबरोबर सगळ्यांचे ब्रश उकळले होते. डोकी वाकडी आणि केस पिंजारलेले, असे पाच ब्रश बाहेर आले. उकळणं नको, मायक्रोवेव्ह तर मुळीच नको. केसांचे झुबके आत धातूच्या बारीक तुकड्यांनी ठोकलेले असतात.

श्रावणात ब्रश दिवसभर ओलाच राहतो, त्यावर सोपा उपाय म्हणजे दोन ब्रश, एक सकाळचा आणि एक रात्रीचा.

तीन महिन्यांनी बदला, हा कंपन्यांचा डाव नाही का?

थोडा संशय रास्त आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशन तीन ते चार महिन्यांनी बदला म्हणते, पण नव्वदाव्या दिवशी ब्रशाला काही होत नाही. महत्त्व तारखेला कमी आणि केसांच्या अवस्थेला जास्त. नायलॉन वाकून-वाकून थकतो, पूर्ववत उभा राहत नाही, टोकं फाकतात. फाकलेला केस हिरडीच्या काठात न शिरता बाहेरच लोळतो, आणि प्लाक कमी निघतो. फाकलेल्या केरसुणीने कोपऱ्यातला केर निघत नाही, तसंच.

ओळखायचं असं, ब्रश उलटा करून पाठीकडून बघा. डोक्याच्या कडेबाहेर केस डोकावताना दिसले की त्याचे दिवस भरले. महिन्याभरातच ही अवस्था येत असेल तर ब्रशाला दोष देऊ नका, तुमचा जोर जास्त आहे. माझा सहा वर्षांचा मुलगा ब्रश चावतो, त्याचा सहा आठवड्यांत कुंचला होतो. त्याला कॅलेंडर लागू नाही.

मोठ्यांसाठी मी सण ठरवून टाकलेत. संक्रांत, गुढीपाडवा, गुरुपौर्णिमा आणि दसरा. वर्षाला चार ब्रश. सोन्याच्या आधी हातात ब्रश पडतो म्हणून नवरा कुरकुरतो, पण लक्षात राहतं.

जुन्याचं काय करायचं?

मराठी घरात जुना ब्रश टाकला जातो, असं मी अजून पाहिलेलं नाही. कंगवा, मिक्सरच्या भांड्याची खाच, मेंदी, शिलाई मशीन अशी त्याची नोकरी चालूच राहते. फक्त केसांना चिकटपट्टी गुंडाळून खूण करा. पाहुण्यांकडून घोटाळे होतात.

शेवटी टाकायची वेळ येतेच, आणि इंदुरात टाकणं हेही शास्त्र आहे. २०१७ मध्ये शहर स्वच्छतेत पहिल्यांदा देशात पहिलं आलं, आणि आता कचऱ्याच्या गाडीला सहा कप्पे आहेत: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घरगुती घातक आणि सॅनिटरी. ब्रश नेमका अडनिडा. दांडी एका प्लास्टिकची, केस नायलॉनचे, आत धातू, पकडीला रबर. हे सगळं वेगळं करणं जिकिरीचं, म्हणून त्याचं पुन्हा प्लास्टिक होणं अवघड. गाडीवरच्या भैयाला विचारलं तर त्याने क्षणभर ब्रशाकडे, क्षणभर माझ्याकडे बघून तो प्लास्टिकच्या कप्प्यात टाकला. बॅटरीचा ब्रश ई-कचऱ्यात द्यायचा. बांबूच्या ब्रशाची दांडी कुजते, पण केस बहुधा नायलॉनचेच असतात, ते पकडीने उपटून मगच दांडी ओल्या कचऱ्यात. मी एकदा बसून उपटले. अर्धा तास गेला.

आईचा कडक ब्रश मात्र गाडीत गेला नाही. तो आता देवघरापाशी असतो. दर गुरुवारी चिंचेचा कोळ लावून ती त्याने तांब्याचं ताम्हण आणि पळी घासते, आडवा हात, सगळा जोर लावून.